पेन्सिलीखालचा चेहरा

ऑफिसात तिला कातडीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही तक्रार नव्हती, कारण काम तेच होतं. सिनेमात, खेळांत, जाहिरातींत संगणकावर बनवलेली माणसं असतात ना, अगदी खऱ्यासारखी हसणारी-बोलणारी, त्यांना कातडी चढवायची. सांगाडा एकजण करायचा, डोळे दुसरा, आणि केसांसाठी एक स्वतंत्र बाई होती, तिला अर्थातच केसवाली म्हणत. या सगळ्यांचं उरकलं की तो राखाडी, गुळगुळीत पुतळा हिच्या गळ्यात पडायचा आणि ही त्याला माणसात आणायची.

घरी मात्र तिला ठिपकी म्हणत. आपणही तेच म्हणू, कारण गोष्ट घरातली आहे.

कातडी म्हणजे नुसता रंग, असं ज्याला वाटतं त्याने एक दिवस ठिपकीच्या टेबलाशी बसून दाखवावं. टेबल कसलं, उकिरडाच तो. संत्र्याच्या साली, अर्ध्या वितळलेल्या मेणबत्त्या, जुन्या पर्सचं चामडं, साबणाच्या वड्या, हवा गेलेले फुगे. नाकावरची छिद्रं तिला संत्र्याच्या सालीत सापडली होती. एका म्हातारीच्या हाताची पाठ काही केल्या जमेना, तेव्हा आठवडाभर डोकं धरून बसली आणि मग एका सकाळी दुधावरची साय बशीत काढून, तिच्यावर हलकेच फुंकर घालून, पडलेल्या सुरकुत्यांचे तासभर फोटो काढत राहिली. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्याने ती बशी धुऊन ठेवली, तर हिने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. आपलं नेमकं काय चुकलं, हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही.

बरं, वरचं सगळं जमलं तरी माणूस मेलेलाच दिसतो. कारण खऱ्या कातडीवर उजेड नुसता पडत नाही. तो थोडा आत शिरतो, आत जरा भटकतो आणि लालसर होऊन बाहेर येतो. उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचे कान बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते. किती आत शिरू द्यायचा, यातच सगळी मेख. कमी शिरला तर प्लास्टिक, जास्त शिरला तर मेणाची बाहुली. ठिपकीचा हात बरोबर त्या मधल्या जागी बसलेला होता आणि तिला त्याचा गर्व होता. असावाच. वीस वर्षं घासली होती तिने त्यापायी.

आता गंमत ऐका. तिच्या बाबांनी जन्मभर याच्या नेमकं उलटं केलं होतं.

बाबा रिटचिंग करायचे. फिल्मचा जमाना होता, आणि गावातल्या तीन फोटोवाल्यांचे चेहरे बाबांच्या टेबलावर यायचे. म्हणजे निगेटिव्ह यायच्या, तळहातापेक्षा मोठ्या. निगेटिव्हवर सगळं उलटं, काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं. चेहऱ्यावरचा डाग तिथे काचेसारखा आरपार दिसतो. त्या आरपार जागेत, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने, बारीक बारीक वळशांनी शिसं भरत जायचं. भरलं नीट तर छापलेल्या फोटोत डाग गायब, आणि तो तिथे होता याचा कुणाला पत्ता नाही. मुरुमं, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नको तिथले तीळ, बाबांनी सगळ्या गावाचे चेहरे धुऊन काढले होते. लोक यायचे आणि लाजत लाजत सांगायचे, जरा तरुण करा हो. बाबा मान डोलवायचे. एक बाई नवऱ्याचं नाक सरळ करा म्हणून तीनदा येऊन गेली होती. तिचा नवरा दर वेळी दाराबाहेर थांबायचा, नाक धरून.

छापून आलेल्या फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके राहत. ते बारीक कुंचल्याने बुजवायचं काम शाळेतून आल्यावर लेकीचं. म्हणून ती ठिपकी. उतरतं लाकडी टेबल, त्याला मध्ये चौकोनी भोक, खाली खिडकीचा उजेड वर फेकणारा आरसा, टर्पेंटाइनचा वास, एक डोळा मिटून श्वास धरून बसलेले बाबा. त्यांचा श्वास सुटला की तिने बोलायचं, असा नियम होता. ठिपकीला अजूनही कुठे टर्पेंटाइनचा वास आला की आपोआप गप्प बसायला होतं. तिचं सगळं बालपण त्या वासात होतं आणि त्या बालपणावर तिचा फार जीव होता.

“मी पुसलं ते तू परत लावत बसतेस,” असं बाबा तिच्या कामाबद्दल म्हणायचे. “एवढंच करायचं होतं तर मला आधी सांगायचंस, मी हातच लावला नसता.” हा विनोद ते वर्षातून चार-पाचदा करायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

आई जाऊन वीस वर्षं झाली होती. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे, एकटेच राहायचे, स्वतःचं स्वतः करायचे. त्या वर्षी एका रविवारी ठिपकी गेली तेव्हा त्यांनी चहा केला आणि कपाच्या शेजारी ओतला. कपात नाही, शेजारी. अगदी नेम धरून. ठिपकीने दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, आडपडदा न ठेवता बोलल्या. नजरेचा मधला भाग विझत चाललाय, कडा राहतील, अगदी अंधार होणार नाही, पण चार-सहा महिन्यांत मधलं काही उरेल असं समजू नका.

परतताना टॅक्सीतून उतरल्यावर बाबा म्हणाले, “तुझ्याकडे बघतो तर तुझे कान दिसतात. मधलंच जातंय. आणि चेहरा नेमका मधेच असतो.”

मग कुलपात किल्ली घालता घालता, तिच्याकडे न बघता, त्यांनी सांगून टाकलं की तुझ्या आईचा चेहरा मला आता धड आठवत नाही, आणि एकदा तरी तो बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

भिंतीवर आईचा फोटो होता की. मोठा, चांगल्या लाकडी चौकटीतला, आई पस्तिशीची असतानाचा. पण त्या फोटोत काय होतं हे दोघांनाही माहीत होतं. बाबांनी स्वतः रिटच केलेला तो, एका काळी दुकानाच्या दर्शनी काचेत लावलेला. बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं असा. त्यात एक सुरकुती नव्हती, एक डाग नव्हता. आणि आईच्या गालावर तर खूण होती. लहानपणी दाराची कडी लागून खोक पडली होती, नखाच्या चंद्राएवढी, आणि आई हसली की तेवढीच जागा आत जायची. लोकांना वाटायचं एकाच गालाला खळी आहे. ठिपकीची करंगळी त्यात बरोबर बसायची. फोटोत ती जागा अशी गुळगुळीत होती की जणू तिथे कधी काही झालंच नव्हतं. दुसरे फोटो म्हणाल तर घोळक्यातले दोन-चार, त्यात आईचा चेहरा डाळीच्या दाण्याएवढा, आणि तोही वळवलेला.

ठिपकीने ठरवलं, आपण आईला उभी करायची. बाबांची नजर जायच्या आत. हे एवढंच, यापुढे त्या वर्षी तिला दुसरं काही सुचलं नाही. साहेबांना विचारून सुट्टीच्या दिवशी ऑफिसातली यंत्रं वापरायची परवानगी काढली. केसवाली म्हणाली, केस माझ्याकडून, आणि खबरदार काही देऊ करशील तर.

तिने बाबांना विचारलं की त्या फोटोची निगेटिव्ह कुठे आहे. बाबा म्हणाले, असेल कुठेतरी, तिचा काय उपयोग, पेन्सिलच आहे सगळी. आणि लगेच नळ गळतोय म्हणून उठून गेले. नळ गळत नव्हता.

मग खुणेचा प्रश्न आला. कुठला गाल? ठिपकीला वाटत होतं उजवा, पण नुसतं वाटत होतं. बाबांना विचारायचीही गरज पडली नाही. त्यांनी हातात पेन्सिल घेतली, भिंतीवरून उतरवलेल्या फोटोच्या काचेवर, बघितल्या न बघितल्यासारखं करून, टोक टेकवलं. डावा गाल. जराही न चाचपडता.

“अकरा दिवस बसलो होतो मी या चेहऱ्यावर,” ते म्हणाले. “डोळ्यांना विसर पडेल, हाताला नाही पडायचा.”

ठिपकीने डावा गाल धरला.

दोन महिने ती खपली. हाडांची ठेवण फोटोवरून घेतली, हनुवटीसाठी आरशात बघितलं, कारण हनुवटी आईचीच तिच्याकडे आली होती. कातडीचा मात्र प्रश्न होता. आईची कातडी जगात कुठेच शिल्लक नव्हती. तेव्हा तिने स्वतःच्या गालाचं, कपाळाचं, गळ्याचं बारकाईने स्कॅनिंग करून घेतलं. आईची नाही तर निदान तिच्या लेकीची. पण लेक आता सेहेचाळीसची, फोटोतल्या आईपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. म्हणून मग थोडं ताणून बसव, थोडं सैल सोड, डोळ्यांखाली जरा उजळ कर. ओठांसाठी मेणात थोडं तेल कालवून बघितलं, पापण्यांसाठी पुन्हा साय. उजेड आत शिरायचं प्रमाण तिने शंभरदा तरी बदललं असेल. एका दुपारी तो बरोबर बसला आणि आईच्या कानाची पाळी खिडकीपुढे लाल झाली. ठिपकी एकटीच होती. ती तिथेच बसून रडली, आणि मग तोंड धुऊन परत कामाला लागली.

पुढच्या सुट्टीला, भर दुपारी, तिने बाबांना ऑफिसात आणलं. केसवालीही मुद्दाम आली होती, मागे भिंतीला टेकून उभी. बाबांना मोठ्या पडद्यापुढे बसवलं. त्यांनी मान बाजूला वळवली, कारण आता त्यांना बघायचं तर तिरकंच बघावं लागे. आईने पापण्या लववल्या, खिडकीकडे वळली, परत समोर बघितलं, किंचित हसली. डाव्या गालावरची जागा आत गेली.

बाबा पुष्कळ वेळ बघत होते.

“छान आहे,” बाबा शेवटी म्हणाले. “कोण आहे ही?”

केसवाली तेवढ्यात काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर निघून गेली. शहाणी बाई. ठिपकी मात्र चिडली, दोन महिने रक्त आटवलं होतं तिने. पण बाबांकडे बघितलं तर ते पांढरेफटक पडले होते, आणि ते तिच्यामुळे नव्हे, स्वतःच्याच तोंडून निघालेल्या शब्दांमुळे.

मग बाबांनी सांगितलं. तो फोटो छापून दुकानाच्या काचेत लागला तेव्हा रस्त्यावरून जाणारे-येणारे थांबून बघायचे. अकरा दिवसांचं काम होतं ते, आणि बाबांना वाटलं होतं की असं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही. त्यांनी आईला हौसेने बोलावून घेतलं. आई काचेपुढे उभी राहिली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, छान आहे, कोण आहे ही? बाबांना वाटलं थट्टा करतेय. ते हसले, शेजारचा दुकानदारही हसला. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं की मी तुम्हाला अशी हवी होते का. त्यानंतर ती कॅमेऱ्यापुढे बसली नाही. कधीच नाही. घोळक्यात कुणी फोटो काढायला लागलं की तोंड फिरवायची.

“मला माफी मागायला हवी होती,” बाबा म्हणाले. “मला वाटायचं, धंदाच आहे माझा, सगळ्यांचं करतो तेच केलं, यात चुकलं काय. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत अठरा वर्षं गेली, आणि मग तीच गेली.”

ठिपकी पडद्याकडे बघत होती, आणि आता तिला दिसत होतं. डोळ्यांखाली उजळ. कपाळ ताणलेलं. आईला जरा बरी करावी, जरा विसावलेली करावी, असं हाताने आपसूक केलेलं होतं, कुणी न सांगता. बापाने पेन्सिलीने केलं तेच लेकीने माउसने. माणसांना सुरकुत्या लावण्यासाठी पगार घेणारी ही बाई, आणि आपल्या आईच्याच वेळी तिचा हात कचरला होता.

“पेन्सिल पुसता येते, ठिपके,” बाबा हळूच म्हणाले. “खाली तीच आहे.”

निगेटिव्ह त्यांच्याजवळ होती. कपाटात, गरम कपड्यांच्या खाली, आईच्याच एका रुमालात. ती असेल कुठेतरी म्हणून सांगितलं होतं खरं, पण रोज हात लावून बघत असावेत. रुमालाच्या घड्या मऊ पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी ते जुनं उतरतं टेबल मांडलं. आरसा पुसला. बाबांनी निगेटिव्ह भोकावर ठेवली, अंगठ्याने तिची कडा चाचपली, सवयीने बसवली. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळला. वास आला आणि ठिपकी गप्प झाली. जास्त घासलं तर फिल्मचा थरच निघून येईल आणि मग पेन्सिलही नाही नि आईही नाही, हे दोघांना माहीत होतं. ठिपकी म्हणाली, बाबा, मी करू का? तुम्हाला मधलं दिसत नाही.

“दिसायला कशाला हवं?” बाबा म्हणाले. “तू फक्त सांगत राहा.”

ठिपकी भिंगातून बघत सांगत राहिली, जरा वर, आणखी वर, झालं, आता खाली. बाबांचा हात थरथरत नव्हता. एरवी थरथरायचा, चमचा धरताना, बटण लावताना. इथे नाही. कापूस करडा होत गेला, बोळे बदलत गेले. अकरा दिवसांचं काम पाव तासात उतरलं. मधेच बाबा थांबले आणि एक करडा बोळा बोटांत धरून बसले. ते त्यांचं सगळ्यांत चांगलं काम होतं, आणि ते त्यांच्या चिमटीत मावत होतं. ठिपकीला फार वाईट वाटलं. तिने म्हटलं, राहू दे का? ते म्हणाले, नाही, गाल राहिलाय.

आणि मग गालावर ती आली. आधी धूसर, मग स्वच्छ. नखाच्या चंद्राएवढी, आरपार.

“आली? कुठे आहे? उजव्या हाताला ना?” बाबांनी विचारलं. “म्हणजे तिचा डावा. मी म्हटलंच होतं.”

हो, उजव्याच हाताला होती, जशी समोरच्या माणसाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. ठिपकीने निगेटिव्ह उचलली. स्कॅन करायला न्यायची म्हणून तिने कोपऱ्यातली खाच बघितली, फिल्मची कुठली बाजू वर आहे ते ओळखायला असते ती. मग तिने फिल्म उजेडात तिरकी धरली. आणि मग तिथेच उभी राहिली.

फिल्मला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मंद. पेन्सिल मंद बाजूवरच धरते, चकचकीत बाजूवर घसरते. म्हणून रिटच करणारा फिल्म नेहमी मंद बाजू वर करून बसतो. आणि त्या बाजूने बघितलं की माणूस आरशातल्यासारखा उलटा दिसतो, डाव्याचं उजवं होऊन.

“बाबा,” ती म्हणाली, “ही मंद बाजू आहे.”

या धंद्यात चार दिवस काढलेल्या नवख्यालाही जी गोष्ट ठाऊक असते, ती बाबांना सांगायची वेळ आली होती. त्यांना उमजायला दोन क्षण लागले. मग ते आधी ओशाळे झाले, आणि मग हसू लागले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी नंतर हसण्याचं राहिलं नाही.

“अकरा दिवस तिला उलटी बघितली,” ते म्हणाले, “आणि वीस वर्षं तीच आठवत बसलो. तीस वर्षं समोर वावरत होती गं माझ्या. समोर.”

ठिपकी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. टर्पेंटाइनची बाटली उघडीच होती, ती तिने थोड्या वेळाने बंद केली.

पुढचे चार रविवार तिने जे केलं त्यातलं निम्मं काम पुसायचंच होतं. ताणलेलं सैल केलं, उजळ केलेलं काढून टाकलं. निगेटिव्हने तिला भरभरून दिलं. डोळ्यांखाली दोन सावल्या, एक दुसरीपेक्षा गडद. ओठाच्या एकाच कोपऱ्यात दोन रेषा, कारण आई एका बाजूनेच हसायची, हे ठिपकी साफ विसरली होती. कपाळावर एक आडवी आठी, पस्तिशीतच पडलेली. ती कशाने पडली असेल याचा ठिपकीने विचार केला आणि त्या वर्षी आपण आठ वर्षांच्या होतो हे तिच्या ध्यानात आलं. वरच्या ओठावर लव. आणि उजव्या गालावर ती जागा. जिथे निगेटिव्ह काही सांगेना तिथेच फक्त तिने स्वतःची कातडी ठेवली. केसवालीने दोन्ही बाजूंचे केस पुन्हा नव्याने केले, कारण कानांजवळच्या सुटलेल्या बटाही आता दिसू लागल्या होत्या. बाबांनी त्याही पेन्सिलीने बुजवल्या होत्या ना.

तोवर बाबांची नजर आणखी उतरली होती. दारातून आत येताना त्यांनी ठिपकीचा दंड धरला, जो ते कधी धरत नसत. तिने त्यांना त्याच खुर्चीत बसवलं. दुपार होती, इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. तिने पडदे ओढले आणि आईला आणलं.

बाबांनी मान वळवली. एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. खुर्ची पुढे ओढली. मग उठलेच, आणि पडद्याच्या इतके जवळ गेले की कान टेकतोय की काय असं वाटावं, आणि डोळ्याच्या अगदी कोपऱ्यातून, तसेच वाकडे उभे राहून बघत राहिले. आईने पापण्या लववल्या. उजेड तिच्या गालावरून सरकला.

“हसव,” बाबा म्हणाले.

ठिपकीने बोट हलवलं. आई हसली, एकाच बाजूने, आणि उजव्या गालावरची ती जागा आत गेली.

बाबांचे खांदे खाली आले, जन्मभर धरलेला श्वास सुटावा तसे. ठिपकीलाही रडू आवरेना, पण कामाची सवय वाईट. डोळे पुसता पुसता तिला दिसलं की आईच्या डाव्या डोळ्याखाली एक शीर जरा जास्तच निळी आलीय, एवढी काही नको होती. तिचा हात माउसवर गेला. दोन सेकंदांचं काम.

बाबांना माउस दिसला नाही, पण तो सरकल्याचा आवाज ऐकू आला.

“राहू दे, ठिपके,” पडद्याकडची मान न वळवता ते म्हणाले. “आता तिला हात लावायचा नाही.”

ठिपकीने माउस सोडला आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.